पाव टक्का मावशी

माझ्या मावशीला सगळी गल्ली तोंडावर ‘ताई’ म्हणायची आणि पाठीमागे ‘पाव टक्का’. तिला ते ठाऊक होतं. तिची हरकत नव्हती. म्हणायची, “एका झटक्यात तीन-तीन टक्के हलवणारे महाभाग मी पाहिलेत. त्यापेक्षा पाव टक्का बरा. निदान कोणाचा पाय तरी मोडत नाही.”

मावशी मध्यवर्ती बँकेत लघुलेखिका होती. मध्यवर्ती बँक म्हणजे बँकांची बँक. तिथे तुमचं-आमचं खातं नसतं, पासबुक भरून मिळत नाही आणि दारातला पहारेकरी कोणाला उगीच आत सोडत नाही. पण तिथल्या चौथ्या मजल्यावर एक खोली आहे. वर्षातून काही वेळा मूठभर माणसं तिथे बसतात आणि व्याजाचा दर ठरवतात. तो हलला की बाकीच्या सगळ्या बँकांचे दर त्याच्यामागून हलतात. मग कोणाच्या घराचा हप्ता वाढतो, कोणाच्या ठेवीचं व्याज घटतं, कोणी दुकान वाढवतो, कोणी आहे ते बंद करतो. त्या खोलीत टेबलाच्या टोकाला, खिडकीकडे पाठ करून, मावशी चौतीस वर्षं वही-पेन्सिल घेऊन बसली. साहेब लोक बोलायचे ते लघुलिपीत उतरवायचं आणि दुपारी टाइप करून द्यायचं, एवढंच काम.

एकविसाव्या वर्षी ती तिथे लागली. पहिल्याच दिवशी तिच्याकडून गुप्ततेच्या शपथेवर सही घेतली. शपथ दीड पानांची होती आणि तिचा मथितार्थ इतकाच, की त्या खोलीत ऐकलेलं आई-बापालाही सांगायचं नाही. मावशीची आई आधीच गेलेली होती. उरले आजोबा, पोस्टातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “मला सांगूच नकोस. मला पोटात काही राहत नाही.” शपथेचा निम्मा भार असा घरीच हलका झाला.

त्या वेळचे गव्हर्नर म्हणजे एक स्थूल, शांत गृहस्थ. बाकीच्या टायपिस्ट मुलींनी त्यांचं नाव ‘तोच-ठेवा’ पाडलं होतं. बैठक अकराला सुरू व्हायची. साहेब चष्मा पुसत विचारायचे, “गेल्या खेपेला किती होता?”

कोणीतरी म्हणायचं, “पाच, साहेब.”

“मग तोच ठेवा. कोणाचं काही म्हणणं?”

दोन उपगव्हर्नर होते आणि त्यांचं एकमेकांशी पटायचं नाही, त्यामुळे दोघांचंही म्हणणं असायचं. एक म्हणे वाढवा, दुसरा म्हणे कमी करा. साहेब चहा येईपर्यंत त्यांना भांडू द्यायचे. मग मंत्र्यांचा फोन यायचा. साहेब फोनवर तीनदा “बरं” म्हणायचे, फोन ठेवायचे आणि म्हणायचे, “तोच ठेवा.” सहा वर्षं दर पाचाच्या पाचच राहिला. शेवटी शेवटी मावशी बैठकीचं इतिवृत्त सकाळी नऊलाच टाइप करून ठेवायची. फक्त तारखेची जागा मोकळी. बैठकीत ती मन लावून लिहिताना दिसायची, ते बहुतेक घरी काय-काय आणायचं त्याची यादी असायची. साहेबांना लघुलिपी वाचता येत नव्हती. त्या लिपीचा हा गुण तिच्या फार उपयोगी पडला.

मग परदेशात कुठेतरी तेलाची भांडणं झाली आणि दोन वर्षांत पावाची किंमत दुप्पट झाली. लोक रस्त्यावर आले. सरकारला कोणाला तरी घरी पाठवणं भाग होतं. तेल पाठवणाऱ्या देशांना घरी पाठवता येईना, म्हणून तोच-ठेवा साहेबांना पाठवलं. जाताना ते मावशीला म्हणाले, “बाई, सहा वर्षांत आपल्या हातून एकही चूक झाली नाही. काही केलंच नाही ना आपण.”

त्यांच्या जागी विद्यापीठातून एक तरतरीत गृहस्थ आले. हे भिंतभर आलेख लावायचे, म्हणून हे ‘आलेखसाहेब’. त्यांचं म्हणणं असं, की दराकडे बघायचंच नाही. बाजारात पैसा किती आहे तो मोजायचा, तो आवरला की महागाई झक मारत खाली येते. बोलणं पटण्यासारखं होतं. अडचण एवढीच, की पैसा म्हणजे नक्की काय हे कोणाला सांगता येईना. नुसत्या नोटा धरायच्या? की चालू खात्यातली शिल्लकही? बचत खातं? मुदत ठेवी? मग पैशाचे चार प्रकार केले, एक ते चार नंबरचे. दर गुरुवारी चौघांची मोजणी व्हायची. एक नंबर वाढलेला दिसला की साहेब तीन नंबरकडे बोट दाखवायचे. तीन नंबर बिघडला की एक नंबर पुन्हा शहाणा ठरायचा. मावशी म्हणायची, “चार आंधळे आणि एक हत्ती ऐकलं होतं. इथे हत्ती चार होते आणि आंधळा एकच.”

आणि दराकडे बघायचं नाही म्हणता म्हणता दर चढत गेला. सात झाला, नऊ झाला, दहा झाला.

आमचे आजोबा मात्र खूश होते. त्यांची सगळी पुंजी मुदत ठेवीत होती आणि बँक त्यावर चौदा टक्के देऊ लागली होती. ते सकाळी पेपर उघडून दर वाचायचे आणि मिशीत हसायचे. बाहेर वस्तूंचे भाव वर्षाला सतरा टक्क्यांनी वाढत होते, म्हणजे आजोबा दर वर्षी तीन टक्क्यांनी गरीब होत होते. पण इतके आनंदात ते आयुष्यात कधी नव्हते. पुढे दर पाचावर आला, महागाई दोनावर आली, तेव्हा खरं तर त्यांचं भलं होत होतं. तेव्हा मात्र ते दिवसभर “लुटलं मेल्यांनी” म्हणत बसायचे. मावशीने त्यांना एकदा कागदावर हिशोब मांडून दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “हे तुमच्या बँकेतलं गणित आहे. मला चौदाच दे.”

याच चढत्या काळात मावशीचं लग्न ठरलं होतं. तो समोरच्या इमारतीत राहायचा आणि इमारतींच्या कामावर सुपरवायझर होता. उंच, जरा वाकून चालणारा, हसताना दात झाकणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आजोबांनाही तो आवडला होता. लग्नानंतर राहायला म्हणून तो गल्लीच्या टोकाला एका भागीदाराबरोबर छोटी दोन मजली इमारत बांधायला निघाला. खाली भागीदार, वर हे दोघं. पाया भरून झाला होता. पुढच्या कामासाठी कर्ज मंजूर झालं होतं. त्या कर्जाची अट अशी, की बाजारात दर वाढेल तसा यांचाही वाढायचा.

त्या मंगळवारी चौथ्या मजल्यावर बैठक झाली. चारही नंबरचे पैसे एकदम बेफाम झाले होते. आलेखसाहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “तीन टक्के. एकदम.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीने ते तीन शब्द उतरवून घेतले. जाहीर करायचं ठरलं गुरुवारी दुपारी.

बुधवारी संध्याकाळी तो घरी आला. हातात मिठाईचा पुडा. आजोबांच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “उद्या सकाळी दहाला सही करतोय. पावसाळ्याच्या आत छत घालून होईल.”

मावशी चहा गाळत होती. ती म्हणाली, “उद्याच करायला हवी का?”

“का ग? काही आहे का?”

“नाही. सहज विचारलं.”

“लग्नाची भीती वाटायला लागली की काय तुला?” तो हसला, दात झाकून. तीही हसली. ताकास तूर लागू दिली नाही तिने. तो गेल्यावर तिने गाळलेला चहा तसाच मोरीत ओतला, एवढंच आईला आठवतं. माझी आई तेव्हा कॉलेजात होती, त्याच घरात.

गुरुवारी सकाळी दहाला त्याने सही केली. दुपारी एक वाजता रेडिओवर बातमी आली. संध्याकाळी तो पुन्हा आला, पण या वेळी बसला नाही.

“तुला मंगळवारीच माहीत होतं.”

“हो.”

“आणि काल मी इथे बसलो होतो. या खुर्चीत.”

“हो.”

“नुसतं थांब म्हणाली असतीस तरी चाललं असतं. कारण सांगायची गरज नव्हती.”

“मी थांब म्हणाले असते, तर तेच कारण झालं असतं. तू भागीदाराला सांगितलं असतंस. त्याने सिमेंटवाल्याला.”

“अग, तुझा नवरा होणार होतो मी!”

“शपथेत नवऱ्याची सूट नव्हती,” मावशी म्हणाली.

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, “ठीक आहे. दर उतरला की लग्न करू,” आणि जिना उतरून गेला. पुढच्या दोन वर्षांत हप्ता दीडपट झाला. इमारतीचे खांब उभे राहिले आणि काम तिथेच थांबलं. खांबांतून वर आलेल्या लोखंडी सळ्या गंजत राहिल्या. तिसऱ्या वर्षी तो दुसऱ्या शहरात कामाला गेला आणि तिथेच त्याने लग्न केलं. दर त्यानंतर चौदा महिन्यांनी उतरला.

आईने तिला पुष्कळ वर्षांनी विचारलं होतं, “सांगितलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं?”

“काही नाही,” मावशी म्हणाली. “कोणाला पत्ताही लागला नसता.”

तिला ज्याची चीड होती ती वेगळीच गोष्ट होती. त्याच मंगळवारी, बैठक सुटल्या सुटल्या, खोलीतल्याच एका मोठ्या साहेबांनी बाहेरच्या टेबलावरून मेहुण्याला फोन लावला होता. ती शेजारीच टाइप करत होती. साहेब एवढंच म्हणाले, “इस्त्रीचे कपडे आजच घेऊन ये. उद्या दुकान बंद आहे.” मेहुण्याने त्याच दिवशी जुन्या, कधी न बदलणाऱ्या दराने पंधरा वर्षांचं कर्ज उचललं. त्याचं घर वेळेत पूर्ण झालं. शपथ त्या साहेबांनीही घेतली होती, पण त्यांची दीड पानांची नव्हती. मोठ्या साहेबांना तोंडी शपथ पुरते.

पुढे तेल स्वस्त झालं आणि महागाई उतरली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. आलेखसाहेबांनी ती फांदी आपणच तोडली असं जाहीर केलं आणि महागाई कशी हरवली हे शिकवायला ते परदेशी निघून गेले. चारही नंबरचे पैसे कपाटात गेले. तिथे ते अजून असतील.

त्यानंतर कायदा बदलला. आता एका माणसाच्या मुठीवर दर ठरणार नव्हता. सहा जणांची समिती आली. महागाई तीन टक्क्यांच्या आसपास ठेवायची, असं लक्ष्य तिला नेमून दिलं. दर हलवायचा तर पाव-पाव टक्क्याने, मतदान करून. आणि निर्णय त्याच दिवशी तासाभरात टीव्हीवर. इस्त्रीच्या कपड्यांना वेळच उरला नाही. मावशीला हे सगळं आवडलं. फक्त एक नवा ताप सुरू झाला. पूर्वी साहेब आकड्यावरून भांडायचे, आता शब्दावरून भांडू लागले. समिती महागाईबद्दल ‘सजग’ आहे म्हणायचं की ‘दक्ष’? बाजाराच्या कानाला ‘दक्ष’ म्हणजे पुढच्या वेळी दर नक्की वाढणार आणि ‘सजग’ म्हणजे बहुधा वाढणार. एक सदस्य ‘सावध’ म्हणून अडून बसले. एकदा यावर दोन तास चर्चा झाली, मतं तीन विरुद्ध तीन पडली, जेवण झालं आणि जेवणानंतर ठरलं, ‘दक्षतापूर्वक सजग’. मावशीने तेही उतरवलं. त्या दिवशी बाजार आधी चढला, मग पडला आणि संध्याकाळी होता तिथे येऊन बसला.

आता गल्लीकडे येते. मावशीच्या इमारतीत तळमजल्यावर भूगोलाचे निवृत्त मास्तर राहायचे. त्यांची खिडकी बरोबर फाटकावर. घरात मुलाच्या कर्जाचा हप्ता आणि स्वतःच्या ठेवीचं व्याज, दोन्ही. त्यामुळे दर वाढला तरी त्यांना दुःख आणि कमी झाला तरी दुःख. वर राहणाऱ्या ताई दराच्या बैठकीत बसतात हे कळल्यापासून त्यांना चैन पडेना.

“ताई, यंदा काय रागरंग?”

“मास्तर, मला काही माहीत नसतं.”

“बरोबर, बरोबर. तुम्ही सांगायचं नाही, आम्ही विचारायचं नाही,” असं म्हणून मास्तर डोळा मिचकवायचे.

आणि आता तिला खरोखरच काही माहीत नसायचं. साहेब खोलीत शिरेपर्यंत साहेबांनाही माहीत नसायचं. पण हे कोणाला पटणार? मास्तरांनी मग एक वही सुरू केली. ताई कोणत्या वेळी निघाल्या, छत्री होती की नाही, पिशवी एक की दोन, टॅक्सी की पायी. पावसाचे आणि वाऱ्याचे अंदाज त्यांनी जन्मभर शिकवले होते, त्यातलाच हा प्रकार. पहिल्यांदा ताई दोन पिशव्या घेऊन निघाल्या आणि दर वाढला. दुसऱ्यांदा छत्री विसरल्या आणि दर उतरला. तिसऱ्यांदा टॅक्सीने गेल्या आणि दर तसाच राहिला. तिन्ही वेळा मास्तरांनी आधी सांगितलं होतं. चौथ्या बैठकीच्या आधी गल्लीतले लोक कर्ज घ्यायचं की थांबायचं हे विचारायला मास्तरांच्या खिडकीशी येऊ लागले. चुकलेल्या अंदाजांची पानं वहीत नव्हती. वही नवी केली की पानं आपोआप कमी होतात.

असं चाललेलं असताना मावशीचा फ्रीज बंद पडला. बावीस वर्षांचा होता, एका सकाळी घरघरला आणि खाली पाणी सोडून गेला. बैठकीला नऊ दिवस होते. मावशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, एक मध्यम आकाराचा फ्रीज पसंत केला. दुकानदार म्हणाला, “ताई, हप्त्यावर देऊ ना? बारा महिने. आजकाल सगळे हप्त्यावरच घेतात.”

“नको. रोख देते.”

हप्ता या शब्दाशी तिचं जुनं वाकडं होतं. पण दुकानदाराला ते काय माहीत? त्याने पावती केली आणि ताई जिना चढायच्या आत मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणाले, “रोख? ताईंनी? हप्ता मिळत असताना? मग बघायलाच नको. वाढतोय.”

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या दोन जणांनी घराच्या कर्जाचे अर्ज मागे घेतले. एकाने गाडीचं बुकिंग रद्द केलं. चौघांनी ठेवी मोडल्या, नव्या दराने पुन्हा ठेवायला. आणि मास्तरांचा जावई एका अर्थविषयक वर्तमानपत्रात होता. त्याने सासऱ्यांची वही एकदा चाळली होती आणि तीनपैकी तीन हा हिशोब त्याच्या डोक्यात होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी आली, की मध्यवर्ती बँकेच्या आतल्या वर्तुळातल्या हालचाली पाहता पाव टक्का दरवाढ अटळ दिसते, असं विश्वसनीय सूत्रांकडून समजतं. दुपारी आणखी दोन वर्तमानपत्रांनी आपल्याही सूत्रांना हेच वाटत असल्याचं कळवलं. त्यांची सूत्रं म्हणजे पहिलं वर्तमानपत्र. संध्याकाळी टीव्हीवर तिघे तज्ज्ञ बसले. दरवाढ का आवश्यक आहे याची एकाने पाच कारणं दिली, दुसऱ्याने सात. बाजाराने पाव टक्का धरून चालायला सुरुवात केली.

बैठकीच्या सकाळी मावशी फाटकातून निघाली तेव्हा मास्तर खिडकीतून म्हणाले, “ताई, फ्रीज रोखीने घेतलात. समजलं बरं आम्हाला सगळं. जावयाने छापलंयसुद्धा.” मावशीने बसमध्ये मागच्या आठवड्याचे पेपर डोळ्यांसमोर आणले आणि फ्रीजपासून पहिल्या पानापर्यंतची सगळी साखळी तिच्या लक्षात आली.

अकराला बैठक सुरू झाली. गव्हर्नर म्हणाले, “महागाई तर लक्ष्यावर आहे. आपण दर तसाच ठेवायचा असं धरून चाललो होतो ना?”

मुख्य अर्थतज्ज्ञ म्हणाले, “हो, पण बाजाराने पाव टक्का वाढ गृहीत धरली आहे. आता तसाच ठेवला तर बाजाराला वाटेल, आपल्याला काहीतरी माहीत आहे.”

“काय माहीत आहे आपल्याला?”

“काहीच नाही. पण ते बाजाराला सांगता येत नाही.”

“बाजाराला हे कळलं कुठून?”

“विश्वसनीय सूत्रं म्हणताहेत. आतली.”

सहाही जणांनी एकमेकांकडे बघितलं. प्रत्येकाला वाटलं, बाकीच्या पाचांपैकी कोणीतरी वाढीच्या बाजूचा आहे आणि त्याला आपल्यापेक्षा जास्त समजतं.

एकतीस वर्षांत मावशीने त्या खोलीत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी तिने पेन्सिल खाली ठेवली. “साहेब, एक सांगू का?”

कपाट बोलल्यासारखे सगळे दचकले. गव्हर्नर आपुलकीने म्हणाले, “पाणी हवंय का तुम्हाला?”

“नको. साहेब, तो फ्रीज माझा आहे.”

अर्थतज्ज्ञांनी आपल्या कागदांत फ्रीज कुठे आहे ते शोधून पाहिलं. मग गव्हर्नर म्हणाले, “बाई, घरचं आपण नंतर बघू हं,” आणि मतदान सुरू केलं. चार विरुद्ध दोन. दर पाव टक्क्याने वाढला. मावशीने पेन्सिल उचलली आणि लिहून घेतलं.

दुपारी मास्तर फाटकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “मी म्हणत नव्हतो?” त्यांच्या मुलाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून वाढला. पण अंदाज बरोबर आल्याच्या आनंदात घरात कोणाला ते महिनाभर बोलता आलं नाही.

पंधरा दिवसांनी बँकेच्या दक्षता अधिकाऱ्याने मावशीला बोलावलं. बातमी फुटली होती आणि चौकशी होणं भाग होतं.

“तुम्ही बाहेर कोणाला काही बोललात?”

“नाही.”

“खुणेने? चिठ्ठीने?”

“मी फ्रीज घेतला. रोखीने.”

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. “रोखीनेच का?”

“पैसे होते म्हणून.”

“पण बैठकीच्या नऊ दिवस आधीच का?”

“तो नऊ दिवस आधीच बंद पडला. त्याला बैठकीची तारीख माहीत नव्हती.”

अधिकारी सज्जन होता, पण अहवाल त्याला लिहायचा होता. ‘एका शीतपेटीने निर्माण केलेल्या अपेक्षांच्या आधारे समितीने दर वाढवला’ असं लिहिणं शक्य नव्हतं, कारण मग समितीला उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून अहवालात आलं, की बातमी फुटली नाही. तथापि कर्मचाऱ्यांच्या खाजगी खरेदीचा बाजारात गैरअर्थ लावला जाऊ शकतो. पाठोपाठ परिपत्रक निघालं. बैठकीच्या आधीचे दहा दिवस हा मौन काळ. त्या काळात समितीच्या खोलीत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांनी भाजीपाला आणि औषधं सोडून काही खरेदी करायचं असेल तर तीन प्रतींत अर्ज द्यायचा. खोलीत बसणारी कर्मचारी एकच होती. साहेब लोक कर्मचारी नसतात, ते सदस्य असतात. पुढच्याच महिन्यात त्यातल्या एकाने मौन काळात नवी गाडी घेतली आणि पार्टी दिली.

एकदा मौन काळात मावशीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने तीन प्रतींत अर्ज केला. अर्ज पाचव्या दिवशी परत आला, शेरा होता: ‘रोख की हप्ता, खुलासा करावा.’ उरलेले दिवस ती सेफ्टी पिन लावून बँकेत गेली. मास्तरांनी ते खिडकीतून पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘काटकसर. मंदी येतेय.’

आणखी तीन वर्षांनी ती निवृत्त झाली. निरोपाला गव्हर्नर स्वतः आले आणि म्हणाले, बाईंनी या संस्थेचा इतिहास मूकपणे लिहिला. तिला एक घड्याळ मिळालं. तिच्या जागी बँकेने यंत्र बसवलं. बोललेलं ऐकून यंत्र आपोआप टाइप करायचं, एक अक्षर न गाळता. दोनच बैठका झाल्या आणि बँकेतून मावशीला फोन आला. मी त्या दिवशी तिच्याकडे होते. फोन करणारा सचिव इतका घायकुतीला आला होता, की त्याचं बोलणं मला पलीकडून ऐकू येत होतं.

“बाई, त्या यंत्राने सगळंच लिहिलंय. खोकला लिहिलाय, ‘म्हणजे आपलं असं की’ लिहिलंय, ‘बिस्किटं इकडे सरकवा’ लिहिलंय. चाळीस पानं झाली आहेत. त्यात निर्णय कुठे आहे ते कोणाला सापडत नाही. टीव्हीवर तर वाढ म्हणून सांगून बसलोय. तुम्ही पूर्वी कसं करत होता?”

“ते बोलून झाले की त्यांना काय म्हणायचं असावं ते मी दोन ओळींत लिहायचे,” मावशी म्हणाली.

“म्हणजे ते तसं म्हणायचे नाहीत?”

“दुसऱ्या दिवशी वाचल्यावर म्हणायचे, हेच म्हणालो होतो मी.”

सचिवाने कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “बाई, दर बैठकीला एक दिवस याल का? मानधन देऊ. गाडी पाठवू.”

“कोणता दिवस?”

“बुधवार.”

“बुधवारी मला जमत नाही. बुधवारी माझी पोहायची शिकवणी असते.”

ती थाप असेल असं मला वाटलं, पण नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी मावशी सार्वजनिक तलावावर पोहायला शिकत होती. पुढच्या बुधवारी मी मुद्दाम बघायला गेले. उथळ टोकाला पाच-सहा बायका पाण्यात उभ्या होत्या, सगळ्यांच्या डोक्यावर रबरी टोप्या. मावशी कठड्याला धरून पाय मारत होती. शेजारच्या बाईला मास्तरांची सून ओळखीची निघाली असावी, कारण ती पाणी कापत सरकत मावशीजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही त्या बँकेत होतात ना? यांना दुकानासाठी कर्ज काढायचंय. आत्ता काढावं की थोडं थांबावं?”

मावशीने तिच्याकडे बघितलं, खोल श्वास घेतला, नाक चिमटीत धरलं आणि डोकं पाण्याखाली घातलं. ती बाई वर येणाऱ्या बुडबुड्यांकडे लक्षपूर्वक बघत राहिली.